प्रश्न बसभाड्याचा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात एका निवृत्त परिचारिकेने केलेले भाषण)

या शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘परदेशातील सेवाकार्याचे अनुभव’ असा छापला आहे. तो वाचून मी थोडी संकोचले. तेहतीस वर्षे मी मुंबईत सार्वजनिक रुग्णालयांत परिचारिका म्हणून काम केले. त्या कामाला कोणी सेवाकार्य म्हटले नाही, ती नोकरी होती. निवृत्त झाल्यावर २०१९ साली सहा महिने युगांडात राहून आले, तर गावोगाव त्यावर बोलण्याची निमंत्रणे येऊ लागली. सेवेला समुद्र ओलांडल्याखेरीज प्रतिष्ठा मिळत नाही, असा याचा अर्थ असेल तर तो आपण सर्वांनीच गंभीरपणे विचारात घेण्यासारखा आहे. म्हणून आज मी तिकडे काय केले याचा पाढा वाचणार नाही. दोन मुलांची हकीगत सांगेन, तीत माझी झालेली एक चूक सांगेन, आणि त्या चुकीतून मला जे उमजले ते आपणांपुढे ठेवीन.

प्रथम आजाराविषयी. पूर्व आफ्रिकेत लहान मुलांना होणारा एक कर्करोग आहे. जबड्यात गाठ येते, दात हलू लागतात, गाल सुजून डोळा झाकला जातो, किंवा पोटात गाठ वाढते. माणसाला होणाऱ्या गाठींमध्ये ही सर्वांत वेगाने वाढणाऱ्यांपैकी आहे. सोमवारी पाहिलेले मूल पुढच्या सोमवारी ओळखू येत नाही. १९५७ साली कंपाला येथील मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट नावाच्या आयरिश शल्यचिकित्सकाने असा एक पाच वर्षांचा मुलगा तपासला. त्याच्या जबड्याच्या चारही भागांत गाठी होत्या. काही आठवड्यांनी जिंजा येथील रुग्णालयाच्या खिडकीतून त्याला अंगणात तशाच चेहऱ्याचे दुसरे मूल दिसले. एक मूल हा योगायोग असू शकतो, दोन मुलांमागे काही नियम असला पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले. १९६१ साली दोन सहकाऱ्यांना घेऊन, एक जुनी मोटार विकत घेऊन, तो दहा हजार मैल हिंडला आणि मिशनच्या व सरकारी दवाखान्यांत जाऊन एकच प्रश्न विचारीत राहिला: असे मूल तुमच्याकडे येते काय? त्या प्रवासातून नकाशावर एक पट्टा उमटला. जेथे पाऊस आणि उष्मा भरपूर, जेथे हिवताप बारमाही, तेथे हा रोग. १९६४ साली कंपालाहून लंडनला विमानाने पाठविलेल्या गाठीच्या तुकड्यांत एपस्टाइन, अचाँग आणि बार या तिघांना एक विषाणू सापडला. कर्करोगाशी निगडित असा माणसातला पहिला विषाणू तो हाच.

हे मी एवढ्यासाठी सांगते की, ज्या रोगाने जगाच्या वैद्यकाला एवढे शिकविले तो गरिबांच्या मुलांचा रोग आहे. आणि तो बरा होतो! या गाठीवर औषधे विलक्षण वेगाने काम करतात. १९६७ साली कंपालात या रोगासाठी खास उपचारकेंद्र उघडले, तेच पुढे युगांडाची कर्करोग संस्था म्हणून वाढले. १९७२ मध्ये ईदी अमीनच्या राजवटीत परदेशी डॉक्टर देश सोडून गेले, तेव्हा चार्ल्स ओल्वेनी या युगांडाच्याच डॉक्टराने ती संस्था चालू ठेवली. ‘परदेशी गेले की सारे कोसळते’ हा समज तिथल्या माणसांनी त्याच वेळी खोटा ठरविला होता. आम्ही स्वयंसेवक मात्र तो समज अजून पेटीत घालून नेतो.

या उपचारातील एक औषध व्हिन्क्रिस्टिन. ते सदाफुलीपासून निघते. आपल्या दारातली, कुंपणाकडेची, कोणी पाणी घातले न घातले तरी फुलणारी सदाफुली. ती मूळची मादागास्करची. १९६३ पासून हे औषध वापरात आहे. म्हणजे रोग ओळखून सहा दशके उलटली, औषध मिळूनही तितकाच काळ गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुलांना व किशोरांना निरनिराळे कर्करोग होतात. श्रीमंत देशांत त्यांतली ऐंशी टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. कित्येक गरीब देशांत तीस टक्केही होत नाहीत. पेशी तीच, औषध तेच, मग हे पन्नास टक्क्यांचे अंतर कशाचे? रोगनिदान उशिरा होते, औषधांचा पुरवठा खंडित होतो, शिकलेली माणसे कमी पडतात, ही कारणे आहेतच. पण त्यांत एक कारण असे आहे की त्याला वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात ‘उपचार सोडून जाणे’ असे नाव आहे. जणू काही रुग्णाने कंटाळून सिनेमा अर्धवट टाकून उठावे! त्या शब्दांच्या आड काय असते ते मी पाहिले.

मी गेले तेव्हा माझी कल्पना वेगळी होती. तेहतीस वर्षांचा अनुभव गाठीशी, तेव्हा आपण जाऊन तिथल्या परिचारिकांना चार गोष्टी शिकवू, असे मनात होते. रुग्णालयाचे नाव मी घेणार नाही, त्याची गरज नाही. पहिल्याच दिवशी मुलांच्या वॉर्डच्या मुख्य परिचारिकेने नम्रपणे सांगितले की, येथल्या परिचर्या परिषदेत तुमची नोंदणी नाही, तेव्हा औषध आणि सुई यांना तुम्ही हात लावायचा नाही. मला ते लागले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर स्वतःलाच विचारले, उद्या परळच्या एखाद्या वॉर्डात कोणी परदेशी बाई आली आणि तिने आपल्या मुलांना सुया टोचायला सुरुवात केली, तर आपण चालवून घेऊ काय? मग माझ्या वाट्याला काय आले? रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोचविणे, चादरी मोजणे, आणि मुलांजवळ बसणे. आयुष्यभर मला मुलांजवळ बसायला वेळ मिळाला नव्हता. चाळीस खाटांना एक परिचारिका असली की बसणे हा गुन्हा ठरतो.

त्या मुलांतला एक नऊ वर्षांचा होता. उत्तरेकडील लांगो प्रदेशातला, आईबरोबर आलेला. त्याचा डावा गाल नारळाएवढा झाला होता. नाव सांगत नाही, तो आता मोठा झाला असेल आणि त्याची कहाणी सांगण्याचा अधिकार त्याचा आहे. तो शाळेत जाऊन थोडे इंग्रजी शिकला होता, त्यामुळे आमचे बोलणे होई. औषधांच्या रिकाम्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर तो पेन्सिलीने बसगाड्या काढी, कंपालाहून आपल्या गावापर्यंतचे सगळे थांबे खाली ओळीने लिही. पाठीच्या मणक्यात सुई टोचण्याच्या दिवशी गुडघे पोटाशी घेऊन, पाठ वाकवून, निश्चल पडून राहावे लागते. मोठी माणसे ओरडतात. त्या वेळी त्याचे डोके धरून मी मराठीत आकडे म्हणत असे. दुसऱ्या खेपेला तो माझ्याबरोबर म्हणू लागला. ‘सात’ला येईपर्यंत सुई बाहेर निघालेली असे, तरी तो दहापर्यंत पुरे करी.

त्याच्या शेजारच्या खाटेवर सात वर्षांची एक मुलगी होती, तिची आजी सोबतीला. ती मुलगी इंग्रजी बोलत नसे, आपल्या भाषेतही फारशी बोलत नसे. आजी दिवसभर जमिनीवर पाय पसरून बसे आणि चटई विणी. मी जवळून गेले की मुलगी माझ्या साडीचा पदर बोटांत धरी, आणि मी उभी राहीन तोवर सोडत नसे. मला कामे असत. मी पदर सोडवून घेई.

पहिल्या औषधानंतर त्या मुलाची गाठ आठवड्याभरात विरघळली. हे दृश्य एकदा पाहिले की विसरता येत नाही. गालाखालून हळूहळू मुलाचा चेहरा वर येतो. वॉर्डात आनंद होतो. पण धोकाही नेमका इथेच सुरू होतो. गाठ दिसेनाशी झाली तरी रोग गेलेला नसतो. साधारण सहा वेळा, ठरावीक अंतराने औषध घ्यावे लागते. मधेच थांबले तर गाठ परत येते, आणि परत आलेली गाठ पहिल्यासारखी ऐकत नाही. परंतु आईला काय दिसते? मूल बरे झाले आहे. घरी आणखी चार लेकरे आहेत. पावसाळा तोंडावर आला आहे, पेरणी चुकली तर वर्षभर काय खायचे? इथे राहायचे तर रोजचे मक्याचे पीठ आणि घेवडा विकत घ्यायचा. जाऊन परत यायचे तर दोघांचे भाडे. या बाईला कोणी ‘अडाणी’ म्हणाले तर मी त्याला एवढेच विचारीन की, तिच्या जागी तुमचा हिशेब काय निघाला असता?

एके संध्याकाळी तिने मला बाजूला घेऊन आपला हिशेब सांगितला. मुलगाच दुभाष्या होता. आपल्याच उपचाराचा खर्च तो आईच्या वतीने मला इंग्रजीत समजावून सांगत होता. मी खोलीवर गेले, पैसे आणले, आणि जाण्यायेण्याचे भाडे तिच्या हातात ठेवले. कोणाला सांगू नको, असेही म्हणाले. त्या रात्री मला शांत झोप लागली. दानशूर माणसाला लागते तशी.

वॉर्डात गुपित राहत नाही. तिथल्या आया मागल्या अंगणात एकाच चुलीवर मोठ्या भांड्यात स्वयंपाक करीत, पीठ आणि सरपण वर्गणीने आणीत. दोन दिवसांनी पाहते तो दोन चुली पेटलेल्या. माझ्या दारात सकाळी चार बाया उभ्या राहिल्या. मी दोघींना दिले, दोघींना नाही म्हटले. कोणत्या न्यायाने? ज्यांची मुले मला अधिक जवळची वाटत होती त्यांना दिले, याहून निराळे उत्तर माझ्यापाशी नाही.

मुलाची आई गेली, पेरणी करून ठरल्या दिवशी मुलासह परत आली. पैशाने काम केले होते. पण त्याच आठवड्यात शेजारच्या खाटेवरची आजी आपली चटई गुंडाळून नातीला घेऊन निघून गेली होती. तिने माझ्याकडे काही मागितले नव्हते. मागणाऱ्यांतली ती नव्हती. तिच्या औषधाची तारीख आली आणि गेली, पुढची आली आणि गेली.

तेव्हा मुख्य परिचारिकेने मला आपल्या लहानशा खोलीत बोलावले. ती माझ्याहून वीस वर्षांनी लहान होती. म्हणाली, “सिस्टर, तुमचे मन चांगले आहे. पण तुम्ही जूनअखेर परत जाल. जुलैमध्ये भाडे कोण देणार? आणि ज्यांना तुम्ही दिले नाहीत, त्यांच्याशी मी काय बोलू?” मला उत्तर सुचले नाही. साथींनो, तीस वर्षे युनियनचे काम केलेली बाई मी. एकट्या कामगाराला साहेबाने गुपचूप बक्षिसी दिली की युनियन फुटते, हे मी गेट मीटिंगमध्ये शंभर वेळा सांगितले होते. परदेशात जाताच मी स्वतः साहेब झाले, आणि ते मला कळलेही नाही.

मग तिच्याच सूचनेवरून वॉर्डातल्या आयांची बैठक झाली. मी कोपऱ्यात बसले. तीन भाषांतून बोलणे चालले होते. शेवटी त्यांनी जे ठरविले ते एखाद्या सहकारी संस्थेच्या पोटनियमांत शोभण्यासारखे होते. भाडे घरी जाताना द्यायचे नाही, मूल ठरल्या तारखेला परत आले की सर्वांसमोर द्यायचे. जिच्यापाशी जाण्यापुरतेही नसेल तिला उसने द्यायचे. सर्वांत दूरचीला आधी. जमाखर्च भिंतीवर लावायचा, आणि तो लिहिता-वाचता येणाऱ्या एका आईने ठेवायचा. तारखेनंतर तीन दिवसांत मूल आले नाही तर शेजाऱ्याच्या फोनवर निरोप द्यायचा, आणि गावच्या आरोग्य-स्वयंसेवकाला सायकलवरून पाठवायचे. असे स्वयंसेवक तिथे गावोगाव असतात. माझ्याजवळ उरलेले पैसे मी त्या निधीत टाकले, मुंबईतल्या जुन्या सहकारी परिचारिकांनी थोडे पाठविले, रुग्णालयासमोरच्या दुकानदारांनी दर आठवड्याला काही देऊ केले. दोन चुलींची पुन्हा एक चूल झाली.

पहिला निरोप त्या आजीच्या गावी गेला. ती नातीला घेऊन आली, पण सात आठवडे उलटले होते. मुलीच्या कमरेखालचे अंग लुळे पडले होते. डॉक्टरांनी पुन्हा औषध सुरू केले, तेही निष्प्रभ ठरले. मे महिन्यात ती गेली.

तिच्या अखेरच्या दिवसांविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्याला लाजविणारी आहे. ती मुलगी वेदनेने तळमळत गेली नाही. युगांडात १९९३ साली ॲन मेरिमन या डॉक्टर बाईंनी वेदनाशमनाचे काम सुरू केले. मॉर्फिनची भुकटी पाण्यात विरघळवून, ओळखीसाठी रंग घालून, बाटलीतून तोंडाने घ्यायचे साधे स्वस्त औषध तिथे देशातच तयार होते आणि रुग्णाला मोफत मिळते. डॉक्टर दुर्मिळ असल्यामुळे, खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकांना ते लिहून देण्याचा अधिकार तेथील कायद्याने २००४ साली दिला. ते औषध पोटात गेल्यावर ती झोपे. आपल्या देशात अफू सरकारी परवान्याने पिकते, तिच्यापासून मॉर्फिन होते. पण १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने कागदपत्रांचे असे कुंपण उभे केले की आपलेच कर्करुग्ण वर्षानुवर्षे त्या औषधावाचून कण्हत राहिले. तो कायदा सुधारायला २०१४ साल उजाडले, आणि आजही तालुक्याच्या गावी हे औषध मिळेल याची खात्री नाही. मी शिकवायला गेले होते. शिकून आले.

त्या शेवटच्या रात्रींत मी तिच्याजवळ बसे. पदर तिच्या बोटांत असे. आता मला कामे नव्हती.

मी तिला मारले, असे मी म्हणणार नाही, तो भावनेचा अतिरेक होईल. रोग कठीण होता, कदाचित सगळी औषधे वेळेवर होऊनही ती वाचली नसती. परंतु दोन खाटा शेजारी होत्या, रोग एक होता, गरिबी एक होती, आणि एका खाटेपाशी बसभाडे पोचले, दुसऱ्या खाटेपाशी पोचले नाही. का? एक मूल हुशार, बोलके, चित्रे काढणारे होते, आणि दुसरे गप्प होते. दया ही अशी निवड करते. ती गोड चेहरा शोधते, कृतज्ञता शोधते, आपली भाषा बोलणारे मूल शोधते. हक्क निवड करीत नाही. गप्प मुलीलाही तो तितकाच लागू असतो. आपण शासनाकडे सार्वजनिक आरोग्यव्यवस्था मागतो ती कोणा राज्यकर्त्याचे अंतःकरण द्रवावे म्हणून नव्हे, तर कोणाचे अंतःकरण द्रवले नाही तरी त्या आजीला भाडे मिळावे म्हणून. ही गोष्ट मी पुस्तकांत वाचली होती, भाषणांत ऐकली होती. त्या दोन खाटांमध्ये उभी राहिल्यावर ती मला कळली.

आता तुमच्यापैकी काहींच्या मनात जो प्रश्न आहे तो मीच विचारते. परळला टाटा रुग्णालयाच्या भोवती देशभरातून आलेले रुग्ण पदपथावर राहतात, मांडीवर मूल घेऊन बाया रांगेत बसतात, मग ही बाई युगांडात कशाला गेली? प्रश्न रास्त आहे. माझ्या विमानभाड्यात कितीजणींचे बसभाडे निघाले असते, हा हिशेब मीही केला आहे. माझे उत्तर प्रामाणिक आहे, पण मला भूषणावह नाही. त्या पदपथावरून मी वर्षानुवर्षे कामावर गेले. पहिली पाळी सकाळी सातची, घाई असे. सवयीने ती माणसे मला दिसेनाशी झाली होती. जेथे मी स्वतः परकी होते, जेथे मुले मला ‘मुहिंदी’ म्हणत, आणि बाजारात ‘चपाती’ हा एकच शब्द मला ओळखीचा होता, तेथे जाऊन मला पुन्हा दिसू लागले. ज्याला घरीच दिसते त्याने तिकीट काढू नये.

तरीही देशाच्या सीमेपलीकडे जाणे व्यर्थ आहे, असे मी म्हणणार नाही. १९२० साली पियेर सेरेसोल या स्विस इंजिनियरने व्हेर्दूनच्या रणभूमीजवळ उद्ध्वस्त झालेले एक खेडे उभारायला निरनिराळ्या देशांतली माणसे गोळा केली, त्यांत पराभूत जर्मनही होते. कालच्या शत्रूने फावडे घेऊन यावे, ही कल्पना. १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर तोच सेरेसोल आपल्या देशात आला आणि खेडी वसविण्याच्या कामाला लागला. आपण गुलाम होतो, त्याने आपल्याला आधी स्वतंत्र व्हा असे सांगितले नाही. १९३८ साली सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस चार सहकारी डॉक्टरांबरोबर चीनला गेले, तेव्हा सोलापुरात रुग्ण नव्हते काय? १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिकडेच निवर्तले. पण या माणसांनी जाताना एक गोष्ट नेली नव्हती, ती म्हणजे परतीची तारीख ठरवून केलेला उपकार. आजचा स्वयंसेवक सहा आठवड्यांची सुटी घेऊन जातो, मुलाला माया लावतो, छायाचित्रे काढतो आणि मूल चौथ्या औषधाला येते तेव्हा विमानात असतो. मीही त्यातलीच. म्हणून माझे म्हणणे एवढेच की, जाणाऱ्याने तिथल्या माणसांच्या हाताखाली जावे, नोंदणी नसेल तर सुई मागू नये, एकट्याच्या हातात पैसा देऊ नये, आणि आपण निघून गेल्यावरही जे चालू राहील तेच काम हाती घ्यावे. मुलाला ‘मी परत येईन’ असे खोटे वचन देऊ नये.

निघताना त्या मुलाने मला विचारले, “तुम्ही केव्हा येणार?” मी म्हणाले, “मी बहुधा येणार नाही. पण सिस्टर इथेच आहेत.” त्याने थोडा विचार केला, आणि एक बस काढलेला पुठ्ठा मला दिला. त्याची दोन औषधे तेव्हा उरली होती. डिसेंबरात मुख्य परिचारिकेचा निरोप आला की औषधे पुरी झाली, तो शाळेत जातो, आणि तपासणीला आला की मणक्याच्या सुईच्या वेळी लहान मुलांची डोकी धरून कसलेसे आकडे म्हणतो. ते आकडे कोणत्या भाषेतले आहेत, असे तिने विचारले होते.

शेवटी, आपण काय करायचे? आपल्याकडे शासनाच्या योजनेतून कर्करोगाचे उपचार होतात, रेल्वे आणि एस.टी. यांत कर्करुग्णांना सवलत आहे. हे सर्व चळवळींच्या रेट्याने मिळाले आहे, त्याला कमी लेखू नका. परंतु मुलाबरोबर सहा महिने मुंबईत राहणाऱ्या ऊसतोड मजुराची बुडालेली मजुरी कोण भरून देणार? मागे राहिलेल्या लेकरांचे काय? क्षयरुग्णांना पोषणासाठी दरमहा रक्कम देण्याचे केंद्र शासनाने २०१८ साली मान्य केले. मग कर्करोगाशी झुंजणाऱ्या मुलाच्या घराला उपचार संपेपर्यंत निर्वाहभत्ता का मिळू नये? ही मागणी आपल्या निवेदनांत आली पाहिजे, मोर्चाच्या फलकावर आली पाहिजे.

आणि ती मान्य होईपर्यंत प्रत्येक तालुका शाखेने एक काम हाती घ्यावे. आपल्या तालुक्यातली कोणती मुले कर्करोगाच्या उपचारासाठी मुंबईला, पुण्याला, नागपूरला, बार्शीला जातात याची यादी करा. प्रत्येक मुलामागे एक साथी नेमा. त्याने औषधाच्या तारखा लिहून ठेवाव्यात, तारखेच्या आधी घरी जाऊन यावे, शेतीचे काम अडले असेल तर चार हात उभे करावेत, कागदपत्रे करून द्यावीत. पैसा लागला तर तो शाखेच्या बैठकीत, सर्वांसमक्ष, वहीत नोंदवून द्यावा. कोणाच्याही मुठीत गुपचूप नाही. यादी करताना गप्प घरांकडे आधी जा. मागणारा तुमच्या दाराशी येईलच.

तो पुठ्ठा मी आज बरोबर आणला आहे. भाषण संपल्यावर ज्यांना पाहायचा असेल त्यांनी पाहावा. बसच्या खाली सर्व थांबे ओळीने लिहिले आहेत, एकही गाळलेला नाही.